नागोरावचा जबडा

गिरजाबाईच्या पत्राला गोविंदभाऊंनी उत्तर दिलं नाही असं आजवर झालं नव्हतं. पोळ्याच्या सुमारास आलेलं हे पत्र मात्र दसरा उलटला तरी उशाखालीच पडून होतं.

पत्र लहानसंच होतं. थोरली बहीण सिरोंच्याहून धाकट्या भावाबद्दल लिहीत होती, "भागीनं फोन केला होता, पण मले काही ऐकू येत नाई हे तुले माहीत आहे. नातवानं मोबाईलवर लिहिलेलं दाखवलं, ते दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातानं पुसून गेलं. म्हणून कागदावर विचारतो. धनराजच्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन करावं का नाई? डॉक्टर काय म्हणते, रीता काय म्हणते, लोकेश काय म्हणते ते मले लिहू नको. तुझं मत लिही. लहानपणापासून तुले विचारत आलो, तू आपला दुसऱ्याचंच सांगत राहतो."

गोविंदभाऊंनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. "एका परीने पाहता" असं लिहून ते थांबत. मग "दुसऱ्या परीने" सुरू होई आणि कागद भरून जाई. शेवटी वाचून पाहावं तर त्यात सगळ्यांची मतं असत, फक्त त्यांचं नसे. मुलीच्या लग्नाची तयारी करावी तशी त्यांनी मनातल्या मनात त्या उत्तराची तयारी चालवली होती आणि मुहूर्त काही लागत नव्हता.

स्वभावच तसा. मूल गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. कोणी विचारलं, "सर, यातलं कोणतं चांगलं?" तर ते तिन्ही पुस्तकं समोर ठेवून दुसऱ्या कपाटाकडे निघून जात. आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला, की गावोगाव धनराजच्या मेव्हण्याच्या, म्हणजे लोकेशच्या कंपनीबरोबर जाऊन ते प्रॉम्प्टिंग करत. पडद्याआड उजव्या बाजूला स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नटांना वाक्य पुरवायचं. दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं हे काम त्यांना इतकं मानवलं होतं, की आपल्या तोंडून काही बोलायची वेळ आली की त्यांना घाम फुटे.

तशी वेळ त्या रविवारी आली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दिवाळीच्या आधीची तारीख दिली होती आणि येता की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा असं सांगितलं होतं. म्हणून धनराजची मुलगी भाग्यश्री नागपूरहून फाईल घेऊन दोघा भावांच्या गावच्या घरी आली. ती तिथे एका लॅबमध्ये कामाला होती आणि कित्येक महिने बापाला घेऊन तीच दवाखान्यांच्या चकरा मारत होती. तिचा मामा लोकेश वडशाहून आला तो पोस्टरचं भेंडोळं काखेत घेऊन. ओसरीत पाय ठेवताच त्यानं एक पोस्टर उलगडून भिंतीला टेकवलं. ‘वैरी निघाला पाहुणा’. वरचा अर्धा कागद धनराजच्या जबड्यानं व्यापला होता.

"पाह्य भागे," लोकेश म्हणाला, "हा जबडा पाहून गावं बुक होते. आता तूच सांग, ऐन हंगामात हा माणूस पलंगावर झोपवतो का?"

"मामा, आधी पाणी तं घ्या," भाग्यश्री म्हणाली. "मंग भांडू."

धनराज झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. अडकित्ता त्याच्या हातात खेळण्यासारखा दिसत होता. एके काळी हेच हात साधे होते. चाळिशीपर्यंत धनराजला लोकेशच्या कंपनीत एकच काम मिळे, हवालदाराचं. "साहेब, आरोपी पळाला!" एवढं बारक्या आवाजात ओरडायचं आणि आत जायचं. पुढे त्याचा चेहरा बदलायला लागला. जबडा पुढे आला, भुवयांची हाडं वर आली, नाक पसरलं, आवाज विहिरीतून यावा तसा खोल झाला. लोकेशनं त्याला एकदा सहज खलनायक नागोरावचं काम देऊन पाहिलं आणि स्टेजपुढे बसलेली पोरं रडायला लागली. त्या रात्रीपासून हवालदार संपला. गावोगाव नागोरावसाठी टाळ्या पडायला लागल्या.

हे सगळं घरादाराला देवाची कृपा वाटलं. दर दिवाळीला चप्पल मोठ्या मापाची लागे, तर बायको रीता कौतुकानं सांगे, "यांचा पाय वाढून राह्यला, नाव वाढते तसा." लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, तेव्हा धनराजनंच चारचौघांत सांगितलं, की नागोराव अंगात भिनला. डोकं दुखे ते जागरणानं, घाम येई तो दिव्यांच्या उष्णतेनं. जीभ जड झाल्यामुळे त्याला लांब वाक्यं झेपेनाशी झाली, तेव्हा गोविंदभाऊंनी ती तोडून लहान केली आणि त्या लहान वाक्यांनी नागोराव आणखीच भयंकर झाला. आजाराचं कोणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

मागच्या हंगामात आरमोरीकडच्या एका गावी नायिकेचा बाप डावीकडून स्टेजवर आला, धनराज गर्रकन वळला आणि त्या म्हाताऱ्याला त्यानं थेट पेटीवाल्याच्या मांडीत पाडलं. लोकांनी वन्स मोअर दिला. लोकेश ते नाटकात कायमचंच ठेवणार होता. पण पुढे धनराजनं मोटरसायकल रस्त्याच्या कडेला उभ्या बैलबंडीला नेऊन भिडवली आणि भाग्यश्रीनं त्याला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरनं डोळे बघायच्या आधी त्याचे हात बघितले, आणि मग जुना फोटो मागितला.

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. तीच अंग वाढवणारा रस भलताच सोडत होती आणि वाढता वाढता आता डोळ्यांच्या नसा दाबत होती. समोरचं दिसे, दोन्ही बाजूंचं जात चाललं होतं.

"शिमगा झाल्यावर करा ना," लोकेश पाणी पिऊन म्हणाला. "गाठ काही पळून चालली का?"

"गाठ नाई पळत मामा, नजर पळते," भाग्यश्री म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, नस जास्त दिवस दाबून राहिली तं मंग ऑपरेशन करूनही गेलेलं परत येत नाई."

"इंजेक्शन हाय म्हणत होती ना तू?" रीतानं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. तिच्या हातात मासोळ्यांच्या रश्शाचा डाव तसाच होता. "तेच चालू द्या. डोक्यात हत्यार घातलं की माणूस आपला राहते का? लोकेश बरोबर बोलून राह्यला. हंगाम जाऊ द्या, तोवर इंजेक्शन."

"आई, इंजेक्शनानं दाब कधी कमी होईल याचा भरोसा नाई. आणि डोक्यात हत्यार नाई घालत. नाकातून जाते."

"नाकातून!" धनराज झोपाळा थांबवून म्हणाला. "आइकलं का दादा? नाकातून. माझ्या नाकात धुराळा गेला तं दोन कोस आइकू जाईल अशा शिंका येते. मी टेबलावर शिंकलो तं डॉक्टर कुठी जाऊन पडन?"

"तुमच्या नाकातून तं ट्रॅक्टर जाईल बाबा. दुर्बीण काय घेऊन बसले."

ओसरी हसली. रीतासुद्धा डाव तोंडापुढे धरून हसली. गोविंदभाऊही हसले आणि हसता हसता त्यांना बरं वाटलं, की अजून आपल्याला कोणी काही विचारलेलं नाही.

तेवढ्यात भाग्यश्री त्यांच्याकडे वळली. "मोठेबाबा, तुमी बोला ना. तुमचं आइकते ते."

"मी काय..." गोविंदभाऊंनी चष्मा पुसायला घेतला. "डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य आहे. आणि लोकेशची अडचणही खोटी नाही. रीताला वाटतं तेही..."

"झालं," भाग्यश्री म्हणाली. "पुरी मंडळी घेऊन बसले."

जेवणं झाली. रस्सा झणझणीत होता, जवसाची चटणी होती, आणि जेवताना कोणी गाठीचं नाव काढलं नाही. पण पंगत बसली त्यावरून गोविंदभाऊंनी ओळखलं, की रीता आणि लोकेश हे भाऊबहीण एका बाजूला आहेत आणि पोरगी एकटी पडली आहे. धनराज कोणाच्याच बाजूला नव्हता. तो हात चाटत होता.

हात धुतल्यावर लोकेशला कल्पना सुचली. "एवढं आंधळेपण आलं म्हणता ना भाऊजींले? चला, आत्ता दाखवतो. दुसऱ्या अंकातला सामना. इथीच, अंगणात. मी पोरीचा बाप होतो. चुकले तं मी गप घरी जातो. नाई चुकले तं शिमग्यापर्यंत कोणी ऑपरेशनचं नाव काढायचं नाई."

"ही काय परीक्षा झाली?" भाग्यश्री म्हणाली.

पण धनराज उठलाही होता. नाटकाचं नाव निघालं की त्याचं डोकं दुखायचं थांबे. त्यानं रीताच्या दोरीवरचं लुगडं काढून खांद्यावर शालीसारखं टाकलं. गोविंदभाऊंनी सवयीनं आतून संहिता आणली, स्टूल नेऊन अंगणाच्या उजव्या कडेला ठेवलं. कुंपणापाशी माणसं जमायला लागली. तलावावरून मासोळ्यांची टोपली घेऊन निघालेली पुनम टोपलीसकट थांबली. "बाई वो, नागोराव आला," ती म्हणाली आणि टोपली उतरवून तिथेच बसली.

"तुझ्या पोरीचं लगन," नागोराव म्हणाला आणि अंगणातल्या कोंबड्या पांगल्या, "मी लावीन. दिवस मी ठरवीन. नवरदेव मी ठरवीन. तू फक्त रडायचं."

लोकेश रडला. चांगलाच रडला. तो सरळ समोर उभा होता, जागचा हलत नव्हता. गोविंदभाऊ वाक्यं देत होते, धनराज ती उचलून दुप्पट वजनानं फेकत होता. कुंपणाबाहेरून शिट्टी आली. रीता पायरीवर उभी राहून अभिमानानं बघत होती, आणि लोकेश रडता रडता मध्येच भाग्यश्रीकडे पाहून भुवई उडवत होता.

गोविंदभाऊंचं लक्ष मात्र धनराजच्या मानेकडे होतं. आधीच्या काळी वाक्य हवं असलं की तो नुसती बुबुळं उजवीकडे फिरवी, प्रेक्षकांना कळतही नसे. आता तो कान पुढे करत होता. बघण्याचा प्रयत्नच त्यानं सोडला होता. आपला भाऊ दोन हंगाम आपल्या आवाजाला धरून चालतो आहे, हे गोविंदभाऊंना स्टुलावर बसल्याबसल्या असं लख्ख कळलं, की हातातलं पान त्यांना दिसेना.

पुढचं वाक्य द्यायची वेळ आली. त्यांनी ते दिलं नाही. संहिता स्टुलावर ठेवून ते उठले आणि अनवाणीच, धनराजच्या पाठीमागून, अंगणाच्या मधोमध चालत गेले. एवढ्या माणसांच्या देखत ते कधी उभे राहिले नव्हते. पण ते गेले आणि धनराजच्या डाव्या खांद्याशी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ जाऊन थांबले.

नागोराव हात वर करून वाक्याची वाट पाहत होता.

"दादा," तो ओठातल्या ओठात म्हणाला. "वाक्य."

वाक्य आलं नाही. त्यानं मान उजवीकडे वळवली. स्टूल रिकामं होतं. तो पुन्हा समोर पाहू लागला. "दादा? कुठी गेला बे हा माणूस?"

कुंपणाबाहेर हशा पिकला. लोकांना तो नाटकातलाच विनोद वाटला. पुनमनं टाळीही वाजवली. "तुमच्या खांद्यालेच तं हाये!" कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हसू उठलं. धनराजही हसला, पण त्याची नजर समोरच फिरत राहिली आणि वर केलेला हात हळूहळू खाली येत हवेत काहीतरी चाचपू लागला. रीताचं हसू तोंडातच थांबलं. लोकेश रडायचं विसरला.

"इथी हाओ मी," गोविंदभाऊ म्हणाले.

धनराज दचकला, तो एवढ्या जोरात की खांद्यावरचं लुगडं खाली पडलं.

लोक पांगायला वेळ लागला. त्यांना पुढचा अंक हवा होता. शेवटी लोकेशनंच, "संपलं जी, संपलं, बाकीचं मंडईच्या जत्रेत," म्हणून त्यांना वाटेला लावलं. धनराज ओसरीच्या पायरीवर बसला. रीता त्याच्यापुढे, त्याला अगदी समोरून दिसेल अशी बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"झाले दिवस."

"मी वाढताना बाजूले उभी राहतो, तं तुमी मले..."

"बांगड्या आइकू येते ना तुझ्या."

बांगड्यांचा हात रीतानं मांडीखाली दाबून धरला.

"ऑपरेशनचं भेव नाई मले," धनराज म्हणाला. नागोरावचा आवाज त्यानं ठेवून दिला होता. "ते नाकातलं फाकातलं मी मजाकमंदी बोलतो. पण भागी, तूच सांगितलं ना, का गाठ काढली तं बोटाची सूज उतरते, जीभ लहान होते. आवाजाचं विचारलं तं डॉक्टर म्हणे सांगता येत नाई. मंग उद्या उठलो आणि पुन्हा तोच झालो तं?" त्यानं गळा आवळला आणि जुना बारीक आवाज काढला. "साहेब, आरोपी पळाला!"

आवाज इतका हुबेहूब होता की भाग्यश्रीला हसू आलं आणि त्याच दमात डोळेही भरले.

"हाडं वाढली ती वाढलीच बाबा. जबडा कुठी जात नाई, असं डॉक्टर..."

"डॉक्टरचं नको," धनराज म्हणाला. त्यानं मान पूर्ण वळवून भावाकडे पाहिलं. "दादा, तू सांग. तीस वर्षं तू म्हणशील ते बोललो. आता काय बोलू?"

गोविंदभाऊंच्या मनात एका परीने आणि दुसऱ्या परीने दोन्ही एकदम आलं. तारीख चुकली तर? टेबलावरच काही झालं तर? सांगितलं म्हणून केलं, आणि आवाज गेला तर जन्मभर कोणाकडे बघायचं? चष्मा पुसायला त्यांचा हात वर गेला. पण चष्मा स्वच्छच होता.

"कर," ते म्हणाले.

आपलं कोणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. "माझं मत विचारशील तर, कर. मिळाली तीच तारीख. शिमगा नाही, काही नाही."

"आणि नागोराव?"

"नागोराव काय त्या गाठीनं केला? गाठीला एक तरी वाक्य पाठ होतं का?"

"मले तरी कुठी होतं?" धनराज म्हणाला. "सगळे तं तूच देत होता."

लोकेश पहिल्यांदा फिसकन हसला, मग सगळेच. गोविंदभाऊंना मात्र अजून बोलायचं होतं, आणि याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

"मंग झालं तर. मी हाओच. आवाज राहिला तर उत्तम. बारीक झाला, तर बारीक आवाजाचा नागोराव करू. मोठ्यानं ओरडणाऱ्याला लोक दोन दिवस भितात. हळू बोलणाऱ्याला जास्त भितात. त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही ना."

"हे बाकी खरं हाय," रीता म्हणाली. "तुमच्या जवळ यायले मी लगन झाल्यावर साल दोन साल भेत होतो भाऊजी."

धनराज पोट धरून हसला. हसून झाल्यावर पायरीवरून उठून अंगणात पडलेलं लुगडं उचलून त्यानं बायकोला दिलं आणि म्हणाला, "लाव फोन भागे. सांग त्यायले, येतो म्हणा. नाक धुवून येतो."

भाग्यश्री फोन घेऊन अंगणात गेली. रीता आता भावाकडे वळली. "लोकेश, पोस्टर बदल."

"ताई, छापून आले ना! हजारानं आले!"

"तं पट्टी चिकटव. मी येतो चिकटवायले. पण यांचं बुकिंग आता संक्रांतीच्या आधी कोणाले दिलं तं माझ्याशी गाठ हाय."

लोकेशनं पोस्टर हातात घेतलं, जबड्याकडे पाहिलं, जवळ नेलं, लांब धरलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू धंदा उजळायला लागला. "‘नागोराव येत आहे’," तो पुटपुटला. "‘मृत्यूच्या दारातून परत’... संक्रांतीनंतर खास प्रयोग... अरे हे तं दुप्पट जाते!" मग तो थबकला. "पण तोवर दोन महिने खलनायक कोण?" आणि त्याची नजर सावकाश फिरत गोविंदभाऊंवर येऊन थांबली. "गोविंदभाऊ, आज तुमी चालत आले ना मधात, काय एंट्री होती जी..."

पण गोविंदभाऊ तोवर आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी लावून बसले होते.

आत त्यांनी पोस्टकार्ड काढलं. बाहेर लोकेश आणि धनराज यांचा आवाज चढत होता, पट्टीवर काय छापावं यावरून. या वेळी लिहायला काही वेळ लागला नाही. "तीर्थस्वरूप बाई, धनराजने ऑपरेशन करावे असे माझे मत आहे. तसे मी त्याला सांगितले. दिवाळीआधी नागपूरला आहे. तो घाबरलेला नाही. मी घाबरलेलो आहे, म्हणून तू ये. गोविंदा."

ऊन उतरल्यावर ते चपला घालून निघाले. पांदणीच्या दोन्ही बाजूंना धान ओंबीवर आलं होतं. टपालपेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर होती, तिच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं केलं होतं. त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. ‘माझे मत’च्या आधी ‘सध्याचे’ असा एक शब्द घातला तर बरं, असं त्यांना वाटलं. खिशात पेन होतं आणि ओळीवर जागाही होती.

त्यांनी बोटानं जाळं बाजूला केलं आणि कार्ड आत सोडलं.